शरद ऋतू: घरातला आणि अंगणातला

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या सोसायटीला २५ वर्षे पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. मी शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकवले, म्हणून ‘मुलांना घरी निसर्ग कसा दाखवावा’ यावर बोला, असा कमिटीचा आग्रह झाला. दूध आटेपर्यंतच वेळ आहे, तेव्हा थोडक्यात सांगते.

मागच्या आठवड्यात नातवाने शाळेतून एक कागद आणला. वर लिहिलेले ‘ऑटम’, आणि खाली रंगवायला लाल-पिवळी पाने. त्याने खिडकीतून खाली बघितले आणि मला विचारले, “आजी, आपल्या गुलमोहराची पानं कधी लाल होणार?” प्रश्न अगदी रास्त होता. ती लाल पानगळ थंड देशांतली. आपल्याकडे बहुतेक झाडांची पाने गळतात ती माघ-फाल्गुनाच्या सुमाराला. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस परततो, आभाळ निवळते, दुपारी ऑक्टोबरचे ऊन चटके देते आणि गवताला बी धरते. तेव्हा मुलांना शरद दाखवायचा तो पुस्तकातला नको, आपल्या दारातला दाखवू या.

सुरुवात आजच करा. आत्ता चंद्र कुठल्या इमारतीच्या वर आहे ते मुलांनो, नीट बघून ठेवा. उद्या याच वेळी, याच जागी उभे राहा. तो खाली दिसेल, कारण चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो. चार दिवस वेळ लिहून ठेवा, मग आजोबांना विचारा की संकष्टीला चंद्रोदयाची एवढी वाट का बघावी लागते!

दुसरा प्रयोग सावलीचा. एक मीटरची सरळ काठी गच्चीवर उभी धरा आणि दर रविवारी साडेबाराच्या सुमाराला सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. आपल्या पुण्यात २३ सप्टेंबरच्या आसपास ही सावली साधारण ३३ सेंटिमीटर असते, आणि २२ डिसेंबरला जवळजवळ ९० सेंटिमीटर. सूर्य दक्षिणेकडे सरकतो म्हणजे काय, ते फळ्यावर समजावताना माझा अख्खा तास जायचा. खडूच्या खुणा ते न बोलता सांगतात.

पाच दिवसांपूर्वी आपण सोने वाटले. घरात पाने अजून असतील, ती टाकू नका. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. पान मोठे आणि लांबट असेल तर ते बहुधा कांचनाचे. दोन्ही रद्दीच्या कागदात दाबून वहीत चिकटवा. पुढच्या दसऱ्याला बाजारात तुमचे पोरच तुम्हाला सांगेल की हे सोने खोटे आहे. मग फांद्या कशाला ओरबाडायच्या, हेही त्यालाच सुचेल.

आता आयांना एक विनंती. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर पाखराच्या विष्ठेसारखे काही दिसले, तर लगेच झटकू नका. ती फुलपाखराची अळी असू शकते. पाखरांनी खाऊ नये म्हणून तिचे हे सोंग! मोठी झाली की ती हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर शिंगे काढून उग्र वास सोडते. मोठ्या बरणीत कढीपत्त्याची डहाळी आणि एक काडी ठेवा, तोंडाला मलमलचे फडके बांधा, रोज ताजा पाला द्या, घाण काढा. कोष झाल्यावर साधारण दहा-बारा दिवस धीर धरायचा. फुलपाखरू बाहेर आले की पंख वाळेपर्यंत हात लावायचा नाही, आणि मग बाल्कनीत सोडून द्यायचे. घरात पाळायचे नाही, हा नियम मुलांकडून आधीच कबूल करून घ्या.

आणि मोज्याला चिकटलेली कुसळे! आई वैतागते, पण एक कुसळ बशीत ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ सुटून ते आपोआप फिरू लागते. असेच ओले-कोरडे होत, फिरत फिरत ते बी मातीत रुतते. आघाड्याचे बी कपड्याला चिकटून गावभर जाते, तर तेरड्याचे बोंड बोट लागताच फुटून बी उडवते. ज्याला पाय नाहीत त्याने प्रवास कसा करायचा, हा मुलांना घालायला फार छान प्रश्न आहे.

ही कुसळे, हा आघाडा, हा तेरडा मला मिळाला कुठे? आपल्या मागच्या कुंपणाच्या भिंतीलगत. आणि त्याच पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे आहे. डासांची आणि सापांची भीती मला कळते, मलाही नातवंडे आहेत. पण डास वाढतात ते साचलेल्या पाण्यात. त्यासाठी कुंड्यांखालच्या ताटल्या आणि टाक्यांची झाकणे आधी तपासू या. सापांसाठी येण्याजाण्याच्या वाटेकडचे गवत नियमित कापू या, आणि मुलांनी बूट घालून, मोठ्या माणसाबरोबरच तिथे जायचे असा नियम करू या. भिंतीलगतची फक्त सहा फुटांची पट्टी मातीची राहू द्या. तिथले गवत तुळशीच्या लग्नापर्यंत कापू नका. तोवर बी पडून गेलेले असते, पुढच्या पावसाची बेगमी झालेली असते.

२५ वर्षांत आपण पाणी आणले, लिफ्ट आणली, पार्किंगचे भांडण मिटवले, निदान पुष्कळसे तरी! आता ही सहा फूट माती मुलांच्या नावावर करू या. पट्टीची देखभाल करायला आठवड्यातून दोन सकाळी मी यायला तयार आहे. सोबत कोण येणार, त्यांनी सभेच्या आधी सेक्रेटरींकडे नाव द्यावे. मुलांनीसुद्धा द्यावे.