बक्षिसाचे निकष आणि शाखेतला माणूस



हैदराबादच्या मलकपेठेत भरलेल्या बँक कर्मचाऱ्यांच्या या परिषदेत स्वागत समिती सर्वांचे स्वागत करते. महाराष्ट्राचा कांदा इथल्या गंजात, म्हणजे घाऊक बाजारात, उतरतो. महाराष्ट्राशी इथले बँकेचे नातेही जुनेच. १९४१ साली निजामाच्या राजवटीत हैदराबाद स्टेट बँक निघाली, पुढे तीच स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. १९५६ मध्ये मराठवाडा वेगळ्या राज्यात गेला, तरी तिथल्या शाखा याच बँकेच्या राहिल्या. १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली.

परिषदेचा विषय आहे बक्षीस, समाधान आणि काम.

बँक व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्या नोव्हेंबर २०२० च्या अकराव्या द्विपक्षीय करारात कामगिरीशी जोडलेला प्रोत्साहन भत्ता आला. बँकेचा कार्यकारी नफा ५ ते १० टक्के वाढला, तर ५ दिवसांचा मूळ पगार व महागाई भत्ता. १० ते १५ टक्क्यांना १० दिवस, त्याहून जास्तीला १५ दिवस. शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत दिवस सारखेच होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्केल चार आणि त्यावरील अधिकाऱ्यांसाठी वैयक्तिक कामगिरीवर आधारित वेगळी योजना आली, तेव्हा संघटनांनी भेदभावाचा आक्षेप घेतला. मार्च २०२५ च्या संपाच्या मागण्यांत तोही मुद्दा होता. संप पुढे ढकलला गेला, प्रश्न उरलाच.

आता शाखेतले रोजचे काम पाहा. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागते. झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्र घेत नाही. कर्मचारी बोट पुसतो, धीर देतो, पुन्हा ठसा घेतो. विम्याचे टार्गेट मात्र डोक्यावर असतेच. पॉलिसी खपली की कौतुक, दाखल्याची नोंद कुठेच नाही. अशाने मन खट्टू होते आणि सेवाही बिघडते.

टार्गेटचा अतिरेक कुठवर नेतो, ते अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत दिसले. विक्रीच्या दडपणाखाली ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्याचे उघड झाले.

म्हणून स्वागत समितीचा आग्रह आहे: बक्षीस शाखेला मिळून द्यावे, ग्राहकसेवेलाही गुण असावेत आणि निकष वर्षाच्या सुरुवातीलाच सर्वांना कळावेत. परिषदेने तसे ठराव करून व्यवस्थापनांपुढे ठेवावेत.