आडनावावरून गणती
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



परप्रांती व परदेशी स्थायिक झालेल्या ज्ञातिबांधवांची यादी करावी, असा ठराव आज आपणापुढे आहे. ती आडनावांवरून करावी, अशी सूचनाही आली आहे. ही रीत जगात कशी वापरली गेली आणि तिच्यात उणे काय, एवढेच मी सांगणार आहे.

एखाद्या शहरात शंभरांत एक घर बाहेरून आलेल्यांचे आहे, असे समजा. अशा २०० कुटुंबांची पाहणी करावयाची तर सुमारे २०,००० दारे ठोठवावी लागतील. एवढा खर्च कोणास परवडणार? यास्तव मतदारांची वा टेलिफोनची यादी घ्यावी, तीतून ओळखू येणारी नावे निवडावी आणि तेवढ्याच घरी चौकशी करावी, ही युक्ती निघाली.

इंग्लंडात मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थळाची नोंद होई, वंशाची नव्हे. त्यामुळे भारतीय मातापित्यांच्या पोटी तेथेच जन्मलेली माणसे रोगांच्या हिशेबातून निसटत. ती सापडावीत म्हणून ब्रॅडफर्ड येथे नावे पारखणारी ‘नाम पेहचान’ ही संगणकीय योजना तयार करण्यात आली. पटेल, सिंग ही नावे सहज ओळखू येतात. परंतु ‘गिल’ हे आडनाव पंजाबी शिखाचे असते, तसेच अस्सल इंग्रजाचेही असते! उलट गोव्याच्या डिसोझा किंवा फर्नांडिस कुटुंबास नुसत्या नावावरून कोणीही पोर्तुगीज समजेल.

अमेरिकेतही १९५० च्या जनगणनेत टेक्सास, कॅलिफोर्निया आदी पाच राज्यांत स्पॅनिश आडनावांच्या लोकांची निराळी गणती झाली. परंतु फिलिपीन्समध्ये १८४९ च्या सरकारी हुकुमाने लोकांना आडनावे वाटण्यात आली, त्यांत स्पॅनिश आडनावे पुष्कळ होती. मेक्सिकन कन्या स्मिथ घराण्यात गेली की ती गणतीतून गळाली. आणि स्मिथांची कन्या गार्सियांची सून झाली की ती गणतीत शिरली! अखेर १९८० साली हा प्रश्न प्रत्येक कुटुंबासच विचारण्यात आला.

सारांश, अशा यादीची परीक्षा दोन प्रश्नांनी करावी. आपल्या माणसांपैकी किती जण जाळ्यात आले? आणि जाळ्यात आलेल्यांपैकी आपले किती? नावे वाढवीत गेलो तर परके शिरतात. कमी केली तर आपलेच सुटतात.

आता आपल्या घराकडे पाहू. जाधव, मोरे, पवार, शिंदे ही आडनावे अनेक ज्ञातींत आहेत. जोशी महाराष्ट्रात आहेत, गुजराथेत आहेत आणि कुमाऊंतही आहेत. मॉरिशसला मजुरीच्या करारावर गेलेल्यांच्या अनेक कुटुंबांत पूर्वजाचे पाळण्यातले नाव हेच वंशजांचे आडनाव होऊन बसले. मूळ आडनाव कागदावर उरलेच नाही. आणि ज्या आपल्या मुलींनी अन्य ज्ञातीत विवाह केले, त्यांचे काय? आडनाव बदलले म्हणून त्यांच्या मुलांस उद्या आपली शिष्यवृत्ती नाकारावयाची काय? यादीत नाव नसणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ज्याचे नाव नाही, त्याच्या अडचणीची वार्ताही संस्थेपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. आडनावाचा उपयोग केवळ पत्ता शोधण्यापुरता करावा आणि आपण कोण, हे त्या कुटुंबानेच सांगावे. ‘आम्हांस वगळा’ असे ते म्हणाले तर निमूटपणे वगळावे. दुसरे, प्रत्येक घराने आपल्या विवाहित लेकी व नाव बदललेले नातलग यांची माहिती आपण होऊन कळवावी. तिसरे, ही यादी संस्थेबाहेर कोणाच्याही हाती देऊ नये. लोकांनी विश्वासाने सांगितलेली माहिती ही ठेव असते.

मी आयुष्यभर शाळेत हजेरी घेतली. हजेरीपटावर नाव कितीही सुवाच्य अक्षरांत लिहिलेले असो, मुलगा स्वतः ‘हजर’ म्हणेपर्यंत त्याची हजेरी लागत नाही. आपल्या यादीसही हाच नियम लावावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.