इंग्रजीच्या तासाला कायद्याची चर्चा



इंग्रजी शिकविताना ‘मस्ट’, ‘मे’ आणि ‘मस्ट नॉट’ हे शब्द आपण फळ्यावर लिहून देतो. मुले ते घोकतात आणि विसरतात. सक्ती, मुभा आणि मनाई यांतील भेद त्यांच्या मनावर ठसावा असे वाटत असेल, तर वरच्या वर्गांत देशोदेशींचे कायदे चर्चेस घ्यावेत.

न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना १८९३ साली मताधिकार मिळाला. स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय निवडणुकांसाठी तो मिळण्यास १९७१ साल उजाडले. ऑस्ट्रेलियात १९२४ च्या कायद्याने राष्ट्रीय निवडणुकीत मतदान सक्तीचे झाले. अशी एकेक हकिगत मराठीत सांगावी व मुलांकडून तिचे एक सोपे इंग्रजी वाक्य करवून घ्यावे. मग ‘हे तुम्हांस योग्य वाटते काय?’ असे विचारावे. स्वतःचे मत मांडावयाचे असले म्हणजे मूल शब्द आपण होऊन शोधते.

स्वीडनने १९७९ साली मुलांना मारण्यास घरीसुद्धा बंदी केली, हे सांगताच एखादा विद्यार्थी विचारील, ‘गुरुजी, आपल्याकडे?’ तेव्हा प्रश्न टाळू नये. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे, हे स्पष्टपणे सांगावे. मात्र टेबलावरील छडी त्यापूर्वीच दूर झालेली असावी. ‘मस्ट नॉट’चा अर्थ मुले अखेर आपल्या वर्तनावरूनच शिकतात.