गौतमी बलश्री : आई आणि आजी



आपल्या इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडावर पैनगंगा उडी घेते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. अलीकडे आपला नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. म्हणजे एका काठावर मराठवाडा आणि दुसऱ्या काठावर विदर्भ. नाशिकच्या डोंगरात एक फार जुना शिलालेख आहे. एका राजाच्या ताब्यात कोणकोणते प्रदेश होते, त्यांची नावे त्यात कोरली आहेत. त्यांत 'असक' आहे आणि 'विदभ'ही आहे. विदभ म्हणजे विदर्भ हे उघडच आहे. असक म्हणजे अश्मक. नांदेड-बोधनकडचा गोदावरीकाठ तो हाच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पैठणकडचा 'मुळक'ही त्याच यादीत आहे. तेव्हा ही गोष्ट लांबच्या नाशिकची असली तरी परक्याची नाही.

तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. पण आज मला त्याच्याविषयी सांगायचे नाही. हा लेख जिने कोरवून घेतला, त्या त्याच्या आईविषयी, गौतमी बलश्रीविषयी सांगायचे आहे.

काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. तिकडे रोमचे साम्राज्य भरात होते आणि आपल्या पैठणचा व तेरचा माल बैलगाड्यांनी भडोचला जाऊन तिथून जहाजांत चढत होता. त्या रोममध्ये याच्याही आधी एक मोठ्या घरची बाई होऊन गेली, कॉर्नेलिया. तिचे दोन मुलगे, टायबेरियस आणि गायस. गरिबांना जमीन मिळावी म्हणून त्यांनी कायदे केले, आणि इसवी सनापूर्वी १३३ आणि १२१ या साली दोघेही मारले गेले. पुढे रोमने तिचा पुतळा उभारला. त्याचा चौथरा अजून आहे. त्यावर अमक्याची मुलगी आणि अमक्यांची आई, एवढीच तिची ओळख आहे. बरे, कॉर्नेलिया हे नावसुद्धा तिचे स्वतःचे नव्हे, ते बापाच्या कुळाचे. रोममध्ये मुलींना कुळाचेच नाव देत.

आपल्याकडे त्या काळी चाल उलटी होती. सातवाहन राजे स्वतःला आईच्या गोत्रनावाने ओळखवीत. गौतमीचा मुलगा तो गौतमीपुत्र, वासिष्ठीचा तो वासिष्ठीपुत्र. शिवाय बलश्री हे तिचे स्वतःचे नाव लेखात स्पष्ट कोरलेले आहे. तिच्या नवऱ्याचे नाव मात्र त्यात कुठेच नाही.

आता या घराण्यावर काय प्रसंग होता तो पाहा. क्षहरात घराण्यातल्या नहपान नावाच्या शक क्षत्रपाने नाशिकचा मुलूख आणि कोकण बळकावले होते. गौतमीपुत्राने त्याचा मोड केला. याला दुसरा पुरावाही आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप वरून ठोकला होता.

लढाई जिंकली म्हणजे राज्य चालले असे नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नाशिकच्या त्याच डोंगरात या घराण्याचे आणखी लेख आहेत. नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले २०० निवर्तने शेत राजाने आपल्या कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी तिथल्या भिक्षूंना दिले. पुढे २४ व्या वर्षी दुसरा हुकूम सुटला. आधी दिलेले शेत कोणी कसत नाही, ते गाव वसलेलेच नाही. म्हणून नगराच्या शिवेवरच्या राजाच्या खासगी शेतातून १०० निवर्तने जमीन द्यावी, असा तो हुकूम. दान नुसते कागदावर राहू नये याची ही काळजी! आणि हा हुकूम एकट्या राजाचा नाही. गोवर्धनच्या श्यामक नावाच्या अमात्याला तो राजमातेच्याही नावाने गेला आहे. तिथे तिला एक शब्द लावला आहे: 'जीवसुता'. जीवसुता म्हणजे जिचा मुलगा जिवंत आहे ती.

हा शब्द ध्यानात ठेवा. कारण पुढचा लेख, मी सुरुवातीला सांगितला तो, तिच्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीतल्या १९ व्या वर्षाचा आहे. मुलगा आता नाही. जीवसुता हा शब्द गेला. त्या जागी आले महाराजाची आई आणि महाराजाची आजी.

आज आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो, त्यांतले तिसरे लेणे तिने भिक्षूंसाठी करवले. मधे मोठे दालन, भोवती १८ खोल्या. त्याच डोंगरात शत्रूच्या जावयाने, त्या उषवदाताने, केलेले लेणेही आहे. त्याच्या शेजारात या आईने आपल्या मुलाचे गुण दगडात लिहून ठेवले. शक, यवन, पल्हव यांना त्याने मोडले. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. हे सगळे राजाच्या स्तुतीत असायचेच. चातुर्वर्ण्याची सरमिसळ त्याने थांबवली, ही त्या काळची बढाईही त्यात आहे. आणि गंमत अशी, की लेणे मात्र बौद्ध भिक्षूंना दिलेले आहे.

पण आईने आणखी काय लिहवले पाहा. रयतेच्या सुखदुःखात तो आपले सुखदुःख मानी. कर घेई तो न्यायाने घेई. अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्याला आवडत नसे. आणि आईची सेवा त्याने कधी सोडली नाही. यात खरे किती आणि मायेचे किती, हे कोण वेगळे करणार? पण राजा चांगला कशाने ठरतो, याचे माप त्या बाईपाशी होते, एवढे तर खरे.

लेण्याच्या सजावटीसाठी नातवाने जवळचे एक गाव दिले आणि त्याचे पुण्य बापाला अर्पण केले. आजीची सेवा करावी, आजीला बरे वाटावे म्हणून हे दिले, असे तो म्हणतो. लेखाची भाषा प्राकृत आहे. आजीला तिथे 'अयका' शब्द आहे आणि नातवाला 'णता'. आपले आजी आणि नातू हे शब्द त्याच गोतातले. इतकी वर्षे लोटली, पण ही दोन नाती आपण जवळजवळ त्याच शब्दांनी हाक मारतो!

पुढे २२ व्या वर्षी नातवानेही एका दिलेल्या गावाच्या बदली दुसरे गाव भिक्षूंना दिले. दान देऊन विसरायचे नाही, ही रीत घरात टिकली.

आणि वैर? तेही निराळ्या वळणाला गेले. शकांचाच दुसऱ्या घराण्यातला राजा रुद्रदामा इसवी सन १५० च्या जुनागढच्या लेखात सांगतो, की दक्षिणेच्या सातकर्णीला मी दोनदा हरवले, पण नाते जवळचे म्हणून सोडले. कान्हेरीच्या लेखावरून दिसते, की एका महाक्षत्रपाची मुलगी वासिष्ठीपुत्र सातकर्णीला दिली होती. हा पुळुमावीचा भाऊ असावा असे मानतात. म्हणजे जिच्या मुलाने शकांना उखडले, तिच्याच घरी शकांची लेक नातसून म्हणून आली.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात सातवाहन शिकवताना राजांच्या सनावळीबरोबर हेही सांगा. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचे ठरवले, तेव्हा पुष्कळांना ते नवे वाटले. ते नवे नाही. फळ्यावर गौतमीपुत्र लिहा, आणि मग प्रत्येक मुलाला त्याच्या आईचे आणि आजीचे नाव स्वतःच्या हाताने वहीत लिहू द्या. कित्येकांना आजीचे नाव माहीत नसेल. त्यांनी घरी जाऊन विचारावे. अभ्यास तिथूनच सुरू होईल.