बिघाड शोधणारं साधनच बिघडलं

आपल्या अँड्रॉइड मोबाईलच्या तळाशी लिनक्स चालतं. त्यात सतत दुरुस्त्या होतात, आणि कधी एक नीट करताना दुसरं चालतं काम मोडतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तसंच झालं. ‘आरआर’ हे प्रोग्रॅममधला बिघाड शोधायचं साधन. प्रोग्रॅम कसा चालला ते टिपून ठेवतं, पुन्हा तसंच चालवून दाखवतं. प्रोग्रॅम कोसळताना लिनक्स एक इशारा धाडतं, तो आरआर मध्येच पकडायचं. हा इशारा कुणाला बदलता येऊ नये म्हणून लिनक्समध्ये बदल केला, आणि आरआरचीच वाट अडली.

हजार बदलांतला असा एक कसा हुडकायचा? आपण फुटलेली पाइपलाइन शोधतो तसा. मधल्या व्हॉल्व्हला पाणी आलं, तर फूट पुढे. नाही आलं, तर मागे. मग उरलेल्याचा पुन्हा मध्य. ‘गिट बायसेक्ट’ हेच करतं. दहाएक चाचण्या पुरतात. मात्र एक चाचणी चुकली, की भलत्याच अर्ध्यात शोधत बसायचं!

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक आहे: वापरणाऱ्याचं चालतं काम मोडायचं नाही. हेतू चांगला होता म्हणून सूट नाही. आम्हाला हे फार पटतं. तो बदल सुधारला गेला, आणि मगच जानेवारी २०२२ मध्ये ५.१६ ही आवृत्ती बाहेर पडली.