दोनाचा आकडा



या आसनासाठी माझ्याहून योग्य माणसे मंडपात बसली आहेत, हे वाक्य प्रत्येक अध्यक्ष म्हणत आला आहे, म्हणून मीही ते म्हणतो आणि आपले आभार मानतो. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या सांख्यिकीय अभ्यासाचा आढावा घेणे हे अध्यक्षाचे विहित कर्तव्य. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवलेल्या रिचर्डसनने पुढे युद्धांची मोजदाद मांडली, १९६३ साली सिंगरने मिशिगनमध्ये युद्धांच्या नोंदींचे दप्तर उघडले, आणि आज वृत्तपत्रांचे मजकूर माणसांऐवजी यंत्रे वाचतात, एवढे सांगून मी त्या कर्तव्यातून मोकळा होतो. कारण पन्नास वर्षे पोटात ठेवलेली एक तक्रार आज मला बोलून टाकायची आहे, आणि ती दोन या आकड्याविषयी आहे.

१९७४ साली मी मुंबईत एका संशोधनकेंद्रात तुटपुंज्या मानधनावर कारकुनी करीत होतो. संयुक्त राष्ट्रांतील मतदानाचे तक्ते समोर घ्यायचे आणि पंचकार्डांसाठी आकडे उतरवायचे : होकाराला १, नकाराला ३, तटस्थाला २. आमसभेच्या बहुप्रचलित मतदानसंग्रहात आजही हीच रीत आहे. एके दुपारी ऑगस्ट १९६८ मधला, चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाचा धिक्कार करणारा सुरक्षा परिषदेचा ठराव माझ्या वाट्याला आला. बाजूने दहा, विरुद्ध दोन, तटस्थ तीन. आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने ठराव बुडालेला. तटस्थांत अल्जीरिया, भारत आणि पाकिस्तान! दोन देशांच्या आकड्यांतील फरक म्हणजे त्यांच्यातले अंतर, या सूत्राबरहुकूम भारत आणि पाकिस्तान यांमधले अंतर निघाले शून्य, आणि तेही १९६५ च्या युद्धाला जेमतेम तीन वर्षे उलटली असताना. मला हसू आले. आमचे वरिष्ठ चष्म्यावरून पाहत म्हणाले, "हसू नका, उतरवा." मी उतरवला. भारताला त्या ठरावातील 'धिक्कार' हा शब्द मान्य नव्हता, आणि सरकारच्या त्या भूमिकेपायी अशोक मेहतांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले होते. पण हे लिहायला कार्डावर रकाना नव्हता.

आकडे खरे की दस्तऐवज, हा वाद आमचे तरुण मित्र दरवर्षी हिरिरीने घालतात. माझ्यापुरता तो त्या दुपारी मिटला. आकडा निर्दोष होता. मधल्या पायरीवर कोण कशासाठी उभा आहे याची चौकशी न करता त्याला तिथे बसवणारा हात दोषी, आणि तो हात माझा होता.

ज्यांना ही म्हाताऱ्याची कुरकुर वाटते त्यांनी २०२२ सालचे आमसभेचे दोन ठराव शेजारी ठेवून पाहावेत. २ मार्चला युक्रेनवरील ठरावात १४१ बाजूने, ५ विरुद्ध, ३५ तटस्थ, भारत तटस्थांत. तटस्थांची मते मोजणीत धरा अथवा वगळा, निकाल तोच. ७ एप्रिलला रशियाला मानवाधिकार परिषदेतून निलंबित करण्याचा ठराव आला : ९३, २४ आणि ५८; भारत पुन्हा तटस्थांत. येथे दोन-तृतीयांश बहुमत हवे होते, आणि आमसभेच्या नियमांप्रमाणे तटस्थ राहणाऱ्याला मतदान करणाऱ्यांत धरीत नाहीत. म्हणून ११७ मतांतील ७८ पुरेशी ठरली. त्या ५८ जणांना हिशेबात घेतले असते तर १७५ पैकी ११७ लागली असती, आणि ९३ वर तो ठराव कोसळला असता. पाच आठवड्यांच्या अंतराने एकाच देशाने टाकलेले हे दोन 'दोन', आणि आमच्या तक्त्यात दोन्हींचे वजन सारखे! सुरक्षा परिषदेत तर २०११ साली लिबियाच्या ठरावावर रशिया आणि चीन तटस्थ राहिले म्हणूनच तो संमत झाला. त्याच रकान्यात जर्मनीही होता, ज्याच्या हाती नकाराधिकार नव्हता. यांची सरासरी काढणाऱ्यांना मी वाकून नमस्कार करतो.

तेव्हा प्रत्येक तटस्थ मताशेजारी त्या प्रतिनिधीचे मतस्पष्टीकरण जोडलेला एक संग्रह व्हावा, त्यासाठी एक समिती नेमावी, आणि पैशांची तजवीज, भाषा, मुदत वगैरे तपशील कार्यकारी मंडळाने यथावकाश ठरवावेत. समितीच्या दप्तरासाठी १९७४ सालचे ते कार्ड मी बरोबर आणले आहे. मात्र त्याचा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे, आणि त्यातले यंत्राचे छिद्र कोणते व वाळवीचे कोणते, हे आता मलाही ओळखता येत नाही.