आधी व्याज, मग अंगणवाडी
(उल्हासनगर कॅम्प १ येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



कुठलीही मागणी घेऊन गेलं की एक उत्तर ठरलेलं असतं : सरकारकडे पैसा नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या, त्या मानधनवाढीसाठीच. तेव्हा पैसा जातो कुठे, ते आज बघू या.

व्याज म्हणजे काय हे पापड लाटून, जीन्सचे धागे कापून घर चालवणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. भिशी आणि बचत गट तीच चालवते. सरकारही कर्ज काढतं. केंद्र सरकारने १९९०-९१ साली व्याजापोटी सुमारे २१,५०० कोटी रुपये भरले. २०००-०१ मध्ये सुमारे ९९,००० कोटी, २०१०-११ मध्ये २ लाख ३४ हजार कोटी. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात हा आकडा १२ लाख ७६ हजार कोटी होता.

पण नुसत्या आकड्यांना भिऊ नका. महागाई वाढली, सरकारची कमाईही वाढली. म्हणून हिशेब असा करू : सरकारच्या महसुली कमाईतल्या शंभर रुपयांपैकी व्याजाला किती गेले? १९९०-९१ साली ३९. २०००-०१ मध्ये जवळजवळ ५२. २०१०-११ मध्ये ३०. त्या वर्षी मोबाइल लहरींच्या लिलावाचा पैसा आला होता, हेही खरं. २०२५-२६ च्या अंदाजात ३७. म्हणजे हा वाटा कमीही होतो, वाढतोही. तो काही आपल्या कपाळी लिहिलेला नाही.

हे व्याज मिळतं कुणाला? १९९१ साली देशाचं सोनं परदेशात गहाण पडलं, म्हणून अनेकींना वाटतं की सगळं व्याज परदेशी जातं. तसं नाही. बहुतेक कर्ज देशातलंच आहे : बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी, पोस्टातली बचत. तुमच्या पोस्टातल्या पैशावरचं व्याजही त्यातच येतं. त्यामुळे 'व्याज बुडवा' ही आपली मागणी असू शकत नाही. मात्र ज्याची ठेव मोठी, त्याच्या पदरात व्याजही मोठं, हे विसरू नका.

आता कळीचा मुद्दा. राज्यघटनेच्या ११२ आणि ११३ कलमांप्रमाणे कर्जावरचं व्याज हा 'भारित' खर्च आहे. लोकसभेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. अंगणवाडीच्या पैशाला मात्र दरवर्षी मंजुरी लागते. म्हणून हात आखडायची वेळ आली की कात्री तिथे लागते. २०२५-२६ मध्ये देशभरच्या अंगणवाड्या आणि पोषणाच्या योजनेसाठी केंद्राने वर्षाला २१,९६० कोटी धरले. व्याजावर तेवढी रक्कम साधारण सव्वासहा दिवसांत जाते.

राज्यातही तेच. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले आणि 'बायकांमुळे राज्य कर्जात बुडालं' असं बोललं जाऊ लागलं. राज्यावरचं कर्ज त्याआधीच ७ लाख कोटींच्या आसपास होतं. ते कुणी, कशासाठी काढलं, हे आपल्याला कुणी विचारलं होतं का?

शिलाई मशीनसाठी कर्ज काढलं तर मशीनच ते फेडतं. रोजच्या खर्चासाठी काढलं तर पुढच्या महिन्याच्या डाळ-तांदळातून फेडावं लागतं. सरकारलाही हाच प्रश्न विचारायचा : कर्ज कशासाठी? दुसरा प्रश्न : कमाई का घटवली? सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा आयकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला. आपण साबण घेतो त्यावर मात्र कर भरतोच. आणि तिसरा : व्याज दिल्यावर जे उरतं, त्यात पहिला हक्क कुणाचा?

तेव्हा पुढच्या वेळी मोर्चा घेऊन जाताना निवेदनासोबत हे आकडेही न्या. 'पैसा नाही' असं साहेब म्हणाले, तर अंदाजपत्रक पुढे ठेवा आणि म्हणा, पैसा आहे. तो आधी कुणाला द्यायचा, ते आपण बोलू.